मुकी गाडी

त्याचं खरं नाव लग्नपत्रिकेवर छापलं होतं; त्यानंतर ते कुणी वापरल्याचं ऐकिवात नाही. अख्खा रस्ता त्याला कानसेन म्हणायचा. गाण्यातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण गाडीतली हवा कुठून निसटते हे तो नुसतं ऐकून सांगायचा. मोठ्या, जुन्या, एकेकाळी साहेबलोकांनी मिरवलेल्या गाड्या त्याच्याकडे यायच्या. या गाड्या लोखंडी स्प्रिंगवर उभ्या नसतात. चार चाकांपाशी चार जाड रबरी फुगे असतात, कॉम्प्रेसर त्यांत हवा भरतो आणि सगळा डोलारा त्या हवेवर तोललेला असतो. गाडी नवी असते तोवर सगळं छान चालतं. पंधरा-वीस वर्षं झाली की रबराला चिरा पडतात, नळ्यांचे सांधे सैल होतात, आणि संध्याकाळी ताठ उभी केलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यावर बूड टेकून बसलेली सापडते. मग मालकाचीही हवा जाते.

बाकीचे मेकॅनिक अशा वेळी साबणाचं पाणी फवारतात. फेस आला तिथे गळती. शेंबड्या पोरालाही कळावं असं काम. कानसेनला त्याचं हसू यायचं. "साबण अंघोळीला ठेवा," तो म्हणायचा आणि हात वर करायचा. हात वर गेला की गॅरेज थांबायचं. ग्राइंडर बंद, रेडिओ बंद. शेजारच्या शेडमधला गाड्या रंगवणारा रंगारीसुद्धा हातातली रंगाची बंदूक खाली ठेवून गप उभा राहायचा. कानसेन एकेका चाकापाशी गुडघे टेकायचा, डोळे मिटायचा, मान तिरकी करायचा. गळती असली तर बोट ठेवून म्हणायचा, "इथे बोलतेय." नसली तर एकच शब्द, "मुकी."

त्या गॅरेजात हा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ होती. आता खरा नियम असा, की हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली कुणी शिरायचं नाही. आधी तिच्या पोटाखाली लोखंडी घोड्या लावायच्या. फुगा दगा देऊन गाडी खाली आलीच, तर ती घोड्यांवर बसेल, माणसावर नाही. हा नियम कानसेनने स्वतः भिंतीवर लाल अक्षरांत लिहून घेतला होता. पण नियम लिहिणाऱ्यालाच त्यातली पळवाट आधी दिसते. कानसेनने गाडी मुकी ठरवली, की त्याचा मेहुणा घोड्यांच्या भानगडीत न पडता सरळ खाली सरकायचा. "दाजींचा कान हीच माझी घोडी," असं तो गिऱ्हाइकांसमोर छाती फुगवून सांगायचा, आणि गिऱ्हाइकं माना डोलवायची. अकरा वर्षं हे चाललं होतं, आणि अकरा वर्षं काही झालं नाही म्हणून सगळ्यांना ते शहाणपण वाटत होतं.

हा मेहुणा म्हणजे बायकोचा पाठचा भाऊ. आईवडील लवकर गेले, तेव्हा तिने त्याला पदराखाली घेतलं ते आजतागायत. चाळिशी ओलांडली, टक्कल पडायला लागलं, तरी ती त्याचा डबा स्वतः भरायची आणि दारात उभी राहून विचारायची, "रुमाल घेतलास का?" कानसेन त्यावरून दोघांची यथेच्छ टर उडवायचा.

आणि गेल्या वर्षापासून कानसेनला हवा ऐकू येत नव्हती.

बहिरा झाला होता असं नाही. बोलणं ऐकू यायचं, ट्रकचा भोंगा ऐकू यायचा, दार आपटलेलं ऐकू यायचं. गेला होता तो नेमका बारीक आवाज, ज्यावर त्याची सगळी पत उभी होती. आधी त्याला वाटलं, गाड्याच सुधारल्या. मग एका सकाळी तो गॅलरीत उभा राहून बायकोला म्हणाला, "समोरच्या झाडावरचे पक्षी कुठे गेले गं हल्ली?" बायकोने झाडाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि ती वाळलेले कपडे काढायला लागली. त्याने पुन्हा झाडाकडे नीट पाहिलं. फांदीफांदीवर पक्षी होते आणि सगळ्यांच्या चोची हलत होत्या.

त्या दिवशी तो घाबरला, आणि घाबरलेला माणूस शहाणपणापेक्षा युक्त्या लवकर शिकतो. गळती शोधताना तो हाताची मागची बाजू जिभेने ओली करायचा. ओल्या कातडीला हवेचा गार स्पर्श कळतो. ते नाही जमलं तर मेहुण्याच्या चेहऱ्यावर नजर ठेवायचा. मेहुण्याच्या कपाळावर आठी पडली की समजायचं, इथेच कुठेतरी आहे. आणि लांबून कुणी काही विचारलं, नीट कळलं नाही, तर बेधडक "हो" म्हणायचं. दहातल्या सात वेळा "हो" खपून जातं, असा त्याचा अनुभव होता. उरलेल्या तीन वेळा तो हसण्यावारी न्यायचा. साबणाची बाटली घेतली असती तर हा सगळा खटाटोप वाचला असता. पण ज्या साबणाची तीस वर्षं थट्टा केली, तो चारचौघांत हातात कसा धरणार?

मोठ्या बाईंची गाडी तिसऱ्यांदा परत आली तो दिवस मात्र युक्त्यांचा नव्हता.

मोठ्या बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. गाडी यजमानांच्या हौसेची, यजमान गेले, गाडी राहिली, आणि बाई सत्तरीतही ती स्वतः चालवायच्या. गाडीचा मागचा डावा कोपरा रोज रात्रीतून खाली बसायचा. कानसेनने पहिल्या खेपेला नळीचा सांधा बदलला, दुसऱ्या खेपेला हवा वाटणारा व्हॉल्व्ह बदलला. दोन्ही खेपांना फुग्याजवळ मान तिरकी करून त्याने जाहीर केलं होतं, "फुगा मुका आहे."

या खेपेला बाई एक वही घेऊन आल्या. चाकावरच्या कमानीपासून जमिनीपर्यंतचं अंतर त्यांनी पंधरा दिवस रोज सकाळी पट्टीने मोजलं होतं.

"सपाट जागी ठेवली तर दोन बोटं बसते," त्या वहीवर बोट ठेवून म्हणाल्या. "चढावर तोंड वर करून ठेवली, मागे वजन आलं, की पाच बोटं. आणि हे बटण दाबून उंच केली तर सगळ्यात जास्त. मिस्त्री, फुगा उंच ताणला की चीर उघडते, असं नसेल का?"

तसंच होतं. पंधरा मिनिटांपूर्वी गाडीची ओळखही नसलेल्या माणसाला ते पटलं असतं. पण कानसेनला वही दिसली नाही, त्याला दिसली ती आपल्या कानावर घेतलेली शंका.

"बाई, फुगा मी दोनदा ऐकलाय."

"ऐकलाय ना? कान आणि डोळ्यांत चार बोटांचं अंतर असतं म्हणतात. नेमक्या त्या चार बोटांत माझी गाडी खाली बसतेय."

मेहुणा खो खो हसला. शेडच्या दारात टेकून उभा असलेला रंगारीही हसला. कानसेन हसला नाही. त्याने गाडी सुरू करून उंच केली, चाकावर अंतर चांगलं वीतभर मोकळं झालं, मग इंजिन बंद केलं आणि हात वर केला. ग्राइंडर थांबला, रंगाऱ्याने आपली माणसं गप्प केली. तो मागच्या डाव्या चाकापाशी बसला आणि डोळे मिटले.

काहीच नाही. कापूस कोंबल्यासारखी शांतता. त्याने तोंड फिरवून हात ओला करायला घेतला, तर बाई दोन हातांच्या अंतरावर उभ्या, चष्म्यातून टक लावून बघत होत्या. त्याने हात पँटला पुसला. मेहुण्याकडे पाहावं तर तो टूलबॉक्समध्ये डोकं घालून टॉर्च शोधत होता. आज चुकलो तर रस्ताभर होईल, या एकाच विचाराने त्याचं डोकं भरून गेलं. गाडीखाली कोण जाणार आहे हे त्या डोक्यात कुठेच नव्हतं. पुढे कितीतरी दिवस त्याला जाळत राहिलं ते हेच.

"मुकी," तो म्हणाला.

बाईंनी मान कलती केली. "मला काहीतरी सूं सूं..."

"ते रंगाऱ्याच्या यंत्रातलं. दाब उतरताना वाजतं ते."

रंगारी काहीतरी बोलायला गेला आणि गप्प बसला. कानसेनला कोण शिकवणार?

"कॉम्प्रेसरकडून येणाऱ्या नळीत दोष असेल," कानसेन मेहुण्याला म्हणाला. "खाली जाऊन नळी चाचपून बघ. मी इंजिन चालू करून दाब बघतो."

मेहुण्याने सरकती फळी ओढली, तिच्यावर उताणा झाला आणि पायांनी रेटत मागच्या चाकांमधून आत गेला. घोड्या भिंतीला टेकलेल्या होत्या, तशाच राहिल्या. कानसेन चालकाच्या सीटवर बसला. इंजिन सुरू झालं, मागे कॉम्प्रेसर घरघरायला लागला. मांडीवर दाबाचं मीटर ठेवून तो काट्याकडे बघू लागला.

काटा चढत नव्हता. जितकी हवा भरली जात होती तितकीच कुठूनतरी जात होती, आणि कॉम्प्रेसर जीव तोडून ती भरून काढत होता, म्हणून गाडी उभी होती. हे कानसेनच्या लक्षात यायला हवं होतं. तो बाईंच्या वहीशी मनातल्या मनात भांडत बसला होता.

खालून मेहुण्याचा आवाज आला. इंजिनाच्या गुरगुरीत शब्द विरघळून गेले, फक्त शेवटचा सूर वर गेलेला कळला, म्हणजे काहीतरी विचारलं होतं.

"हो!" कानसेन ओरडला.

पुन्हा आवाज आला. या वेळी जरा लांब.

"हो, हो! चालू दे तुझं!"

जुना कॉम्प्रेसर तापला की आपोआप बंद पडतो. तो बंद पडला. कानसेनला तेही ऐकू आलं नाही. त्याला कळलं ते असं, की बसल्या जागी त्याचं बूड हलकेच डावीकडे, मागे झुकलं. मीटरचा काटा पडला. आरशात त्याला बाई दिसल्या, दोन्ही हात वर, तोंड उघडं. मग मागून एक जड धक्का आला आणि गाडीचा मागचा डावा कोपरा धप्पकन खाली बसला.

त्याने इंजिन बंद केलं आणि बाहेर उडी मारली. मागच्या चाकाच्या बाजूने मेहुण्याचे दोन बूट बाहेर होते. बूट हलत होते. आधी जोरात, मग कमी.

चाकं असतात म्हणून गाडी पार जमिनीला टेकत नाही, हे खरं. पण फळीवर झोपलेल्या माणसाची छाती आणि गाडीचं पोट यांच्यात उरलेली जागा छातीपेक्षा कमी होती. कानसेनने जॅक ओढत आणला. तो दाराखालच्या कडेखाली शिरेना. गाडी इतकी खाली आली होती, की ज्याने उचलायची तोच आत जाईना. "पहार!" तो ओरडला. रंगारी आणि त्याची दोन माणसं धावत आली. एकाने लाकडी ओंडका आणला. कानसेनने पहार मागच्या आडव्या दांड्याखाली घालायला घेतली, उजव्या बाजूने, कारण तिथे जागा होती.

खालून आवाज आला. अगदी बारीक, श्वासाबरोबर बाहेर पडलेला.

कानसेन थांबला. "काय? काय म्हणालास?"

पुन्हा तो आवाज. शब्द होते, नक्की होते. कानसेन जमिनीवर आडवा झाला, गाल काँक्रीटला लावला. मेहुण्याचे ओठ अंधारात दिसत नव्हते. त्याने डोळे मिटले, सवयीने. तीस वर्षं ज्या कानावर जगला तो कान त्याने सगळा जीव गोळा करून त्या आवाजाकडे लावला, आणि त्याला आपल्याच छातीतले ठोके ऐकू आले.

वर सगळे थांबले होते. कानसेन ऐकतोय म्हणजे गप्प राहायचं, हे त्यांना लागलेलं वळण. रंगाऱ्याने तर हात वर करून आपल्या माणसाला दटावलं. खाली माणूस गुदमरत होता आणि चार माणसं अदबीने शांत उभी होती, कानसेन आता काय सांगतो याची वाट बघत.

"मला ऐकू येत नाही," कानसेन म्हणाला.

कुणाला कळलंच नाही.

"मला ऐकू येत नाही रे!" तो किंचाळला. "वर्ष झालं, मला काही ऐकू येत नाही! काय म्हणतोय तो? कुणीतरी ऐका! सांगा मला!"

सगळ्यात आधी हलल्या त्या बाई. इस्त्रीच्या साडीसकट त्या तेलकट जमिनीवर पालथ्या पडल्या आणि डोकं गाडीखाली घातलं. मग वर्गाच्या मागच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात म्हणाल्या, "म्हणतोय उजवीकडून नको! उजवा हात दांड्यावर अडकलाय! पहार लावलीत तर हात जाईल!"

कानसेनने पहार काढली. त्याच जागी, अर्धा श्वास आधी, तो तिच्यावर आपलं सगळं वजन टाकणार होता.

"डावीकडून विचारा! डावीकडे काय आहे?"

बाईंनी विचारलं. ऐकलं. "डावीकडे काही नाही. लवकर, म्हणतोय. श्वास घेता येत नाहीये."

"चाकावरची कमान धरा, चौघांनी. मी तीन म्हणालो की. बाई, तुम्ही बोलत राहा. तो जे बोलेल ते मोठ्याने बोला."

रंगारी, त्याची दोन माणसं आणि कानसेन यांनी कमानीखाली बोटं घातली. तीनला गाडी हलली नाही. दुसऱ्या तीनला दोन बोटं वर आली. रंगाऱ्याने पायाने ओंडका आत सरकवला. बाई ओरडल्या, "थोडं सुटलं म्हणतोय! आणखी!" तिसऱ्या खेपेला जॅक शिरला. कानसेनने दांडा असा हाणला, की तळहाताची कातडी निघाली ते त्याला संध्याकाळी कळलं. वर गेलेल्या गाडीखाली त्याने आधी दोन्ही घोड्या घातल्या, आणि मगच बुटांना धरून फळी बाहेर ओढली.

मेहुणा पांढराफटक पडला होता. उजवा हात सोललेला होता, पण बोटं हलत होती. तो छोटे छोटे श्वास घेत होता, मोठा घ्यायला गेला की कळवळत होता. मागच्या डाव्या फुग्याच्या घडीत वीतभर चीर पडून रबर लोंबत होतं. बाईंनी तिकडे एकदा पाहिलं आणि वही पिशवीत टाकली. खरं सांगायचं तर त्या बोलल्या असत्या तर कानसेनला बरं वाटलं असतं.

ॲम्ब्युलन्समध्ये मेहुण्याने त्याचा हात ओढून त्याला जवळ बोलावलं आणि शब्द तोडून तोडून म्हणाला, "दाजी, मी विचारलं होतं. मागे हवा जातेय, माहीत आहे ना?"

"मला ऐकू आलं नाही."

"मग 'हो' का म्हणालात? मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे. दुसऱ्यांदा विचारलं, बाहेर येऊ का, तर म्हणालात, चालू दे तुझं."

मेहुण्याने डोळे मिटून घेतले.

तीन बरगड्या मोडल्या होत्या, फुप्फुस वाचलं होतं. जिवाला धोका नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. कानसेनने त्यांना ते दोनदा म्हणायला लावलं. तो वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून होता, तेवढ्यात बायको जिन्यावरून धापा टाकत वर आली. घरातल्याच चपला, खांद्यावरून घसरलेला पदर. तो उठून उभा राहिला. येताना ॲम्ब्युलन्समध्येच ठरवलं होतं, आडपडदा ठेवायचा नाही. ती रडेल, शिव्याशाप देईल, माहेरचं एकुलतं माणूस तुमच्या हवाली केलं होतं म्हणेल, जे म्हणेल ते ऐकून घ्यायचं.

"तो बरा आहे. बरगड्या मोडल्यात," तो म्हणाला. "चूक माझी आहे, सगळी. घोड्या लावल्या नाहीत. मी गाडी मुकी म्हणालो, आणि मला ऐकूच येत नव्हतं. वर्ष झालं. मी कुणाला सांगितलं नाही, तुलाही नाही."

तिने त्याच्याकडे पाहिलं. राग नव्हता तिच्या तोंडावर. राग असता तर त्याला ठाऊक होतं काय करायचं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

त्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "काय?"

ती जवळ आली आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून म्हणाली. समोरच्या बाकावरच्या दोन बायका वळून बघायला लागल्या, तरी तिने आवाज कमी केला नाही.

"मला माहीत होतं. पहिल्यापासून. तुमचं नाव जाईल, तुम्ही खचाल, म्हणून मी गप्प बसले. आणि रोज सकाळी माझ्या हाताने डबा भरून त्याला तुमच्याबरोबर पाठवत होते."

कानसेनने तिला धरायला हात पुढे केला, पण तळहाताला रक्त होतं, म्हणून मागे घेतला. ती बाकावर बसली आणि पदराचा बोळा तोंडात धरून रडली. तो बाजूला बसून राहिला. नर्सने दार उघडून, आता आत जायला हरकत नाही, असं सांगितलं. ते तिने ऐकलं आणि त्याला कोपराने खुणावलं.

दारापाशी दोघं घुटमळले. काचेतून पलंग दिसत होता. मेहुणा जागा होता आणि दाराकडेच बघत होता.

तिने डोळे पुसले. "चला," ती म्हणाली. "तुमचं तुम्ही सांगा. माझं मी सांगते."